मिरजेच्या डॉक्टर मॅडम, लय लय थँक्यू

मॅडम, तुमचं नाव इथं टाकत नाही कारण आमचंपण उघड करायचं नाहीये, पण वाचलंत तर ओळखाल, तासगावकडचे बेदाणावाले, तोंड धुताना पडायचे ते.

साबण लावून डोळे मिटले की वडिलांचा तोल जायचा, अंधारात भिंत धरून चालायचे आणि पायातून मध्येच करंट गेल्यासारखी कळ. शुगर झाली, बी-१२ झालं, एमआरआय झाला, एकांनी मणक्यात गॅप म्हणून पट्टा दिला, बाकीचे "वय झालंय ओ" म्हणून मोकळे. तुम्ही पाय जुळवून उभं केलंत, डोळे मिटायला लावलेत, मग टॉर्च. उजेड मारला तरी बाहुली लहान होईना, बोट नाकाजवळ आणलं की मात्र होतीय! नंतर वाचलं की ही खूण आर्गाइल रॉबर्टसन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरांनी १८६९ सालीच लिहून ठेवलीय.

मग आम्हाला "चहा पिऊन या" म्हणून बाहेर काढलंत. आत काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही, विचारणारपण नाही. तुम्हाला संशय होता सिफिलिसचा, म्हणजे शरीरसंबंधातून लागणाऱ्या गुप्तरोगाचा. तो वीस-तीस वर्षं गप बसून मज्जारज्जूत निघू शकतो हे तर आमच्या स्वप्नातही नव्हतं. रक्ताची व्हीडीआरएल, म्हणजे सिफिलिसची नेहमीची टेस्ट, निगेटिव्ह आली तेव्हा मला वाटलं सुटलो, तर तुम्ही म्हणालात इतक्या जुन्या केसमध्ये ती निगेटिव्ह येऊ शकते, टीपीएचए नावाची त्याचीच दुसरी टेस्ट बघू, आणि ती पॉझिटिव्ह. पाठीतलं पाणी काढायचं म्हटल्यावर आमचे काका "माणूस लुळा पडतो" म्हणून अडून बसले, तर तुम्ही केसपेपरच्या मागं पेनने मणका काढून दाखवलात की मज्जारज्जू इथं वर संपतो आणि सुई त्याच्या खाली जाते, तेव्हा कुठं काका गार झाले. पाण्यातल्या पेशी, प्रोटीन, व्हीडीआरएल सगळं बघूनच पेनिसिलिन चालू केलंत, शिरेतून, दर ४ तासांनी, १४ दिवस. रात्री २ वाजताचा डोस पण चुकला नाही, सिस्टर लोकांनापण थँक्यू.

एचआयव्हीची टेस्ट वडिलांना विचारून केलीत, आईची तपासणी तिला वेगळं बसवून समजावून केलीत, दोन्ही ठीक आलं. घरात भांडण पेटलं नाही ते तुमच्या बोलण्यामुळं, हे मी औषधाच्या वर धरतो.

नसांचं झालेलं नुकसान सगळं भरून येत नाही हे आधीच सांगितलेलंत, त्यामुळं काठी आहे. कळा बऱ्याच कमी झाल्यात. पुढच्या तपासणीला वडील बेदाणा घेऊन येणारेत, मी "डॉक्टर घेत नसतात" म्हटलं तर माझ्यावरच ओरडले, तेव्हा तेवढं तुम्हीच बघा.