रेटिंगचं वर्णन लिहिताना: कॅपिटल अक्षरांबाबत सूचना

सांगलीतल्या सर्व नोंदकर्त्या सदस्यांसाठी. चित्रपटाच्या अमेरिकी रेटिंगचं, म्हणजे तो कोणत्या वयासाठी योग्य हे सांगणाऱ्या श्रेणीचं, कारण इंग्रजीत भरताना ‘रेटेड’चा आर आणि ‘पीजी-१३’सारखी खूण एवढंच कॅपिटल ठेवा. पुढचं ‘फॉर व्हायोलन्स अँड लँग्वेज’ सगळं स्मॉलमध्ये, शेवटी पूर्णविराम नको. पोस्टरवरून मजकूर उचलला की सगळीच अक्षरं कॅपिटल येतात. मग आपल्या यादीत ‘व्हायोलन्स’ दोनदा दिसतं आणि मोजणी चुकते. कॉपी-पेस्ट टाळा, हाताने टाइप करा.

भारतीय प्रमाणपत्राची खूण नेहमी कॅपिटल. २०२४ च्या नियमांपासून यूएचे (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाने पाहायचे चित्रपट) ७+, १३+, १६+ असे वयाचे तीन गट झाले. त्याआधीच्या चित्रपटांना मात्र प्रमाणपत्रावर आहे तसंच साधं यूए ठेवा, वय अंदाजाने जोडू नका. जुन्या नोंदी दुरुस्त करताना आधी हेच तपासा.