‘वडील’ खोडून ‘अन्य’

महोदय,

पत्नीच्या पहिल्या विवाहातील मुलगी सहा वर्षे आमच्या ऐरोलीच्या घरात वाढते आहे. वहीवर ती स्वतःहून माझे आडनाव लिहिते, पण शाळेच्या अर्जातील ‘वडील’ हा शब्द लिपिकाने तिच्यादेखत खोडून ‘अन्य’ लिहिला. केवळ लग्नाने सावत्र पित्याला कायदेशीर पालकत्व मिळत नाही, आणि मृत्युपत्र नसल्यास हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ नुसार त्याच्या मालमत्तेत तिला वारसाहक्कही नसतो, हे कित्येक कुटुंबांना ठाऊकच नसते. दत्तक नियमावली, २०२२ नुसार ‘कारा’ या केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून सावत्र अपत्याचे दत्तकविधान करता येते, मात्र जन्मदात्याची संमती लागते, आणि आमच्यासारख्यांचे घोडे तिथेच अडते. ठाणे जिल्हा बाल संरक्षण कक्षाने यासाठी नवी मुंबईत मार्गदर्शन शिबिरे घ्यावीत, ही कळकळीची विनंती.

– एक पालक, ऐरोली, नवी मुंबई