दुखत नव्हतं, म्हणूनच तू घाबरलीस

प्रिय बाय,

फोंड्याच्या बसस्टँडजवळच्या तुझ्या फार्मसीत शिगम्यानंतरच्या आठवड्यात एक बाई आली होती, हातात डोळ्याच्या थेंबांची रिकामी बाटली घेऊन. ती मी. तुझं नाव इथे लिहीत नाही, पण तू हे वाचलंस तर ओळखशील.

ती बाटली माझ्या जावेची होती. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तिला डॉक्टरांनी दिलेली. कुळागरात सुपारी गोळा करताना पोफळीच्या सुक्या झावळीचं टोक माझ्या उजव्या डोळ्याला लागलं होतं. लागलं तेव्हा फक्त पाणी आलं. दुसऱ्या दिवशी डोळा लाल झाला, दिसायला धुरकट लागलं. जाऊ म्हणाली, हे थेंब घाल, मला दोन दिवसांत बरं वाटलं होतं. तेच मी तुझ्याकडे मागितले.

तू बाटली हातात घेऊन वाचलीस आणि विचारलंस, खुपतं का? मी म्हटलं, नाही. उजेड सहन होतो? होतो. दुखतं? अजिबात नाही. मग तू विचारलंस, साखर आहे? 17 वर्षं आहे, म्हटलं. तेव्हा तू बाटली काउंटरवर ठेवलीस आणि म्हणालीस, "दुखना म्हणूनच म्हाका भंय दिसता, मावशी." हे स्टिरॉईडचे थेंब आहेत, चिठ्ठीशिवाय देणार नाही, आणि चिठ्ठी असती तरी आधी डोळा दाखवा म्हटलं असतं, असंही म्हणालीस. मला राग आला होता, बाय. तुझ्या मागे चार गिऱ्हाइकं उभी होती, तरी तू बाहेर येऊन मला रिक्षात बसवलंस आणि रिक्षावाल्याला डोळ्याच्या डॉक्टरांचा पत्ता सांगितलास.

तिथे डॉक्टरांनी केशरी टोकाची कागदी पट्टी पापणीला टेकवली आणि निळा उजेड टाकला. बुबुळाच्या मधोमध हिरवा डाग पेटल्यासारखा दिसला, असं शेजारी उभ्या माझ्या मुलीने सांगितलं. नंतर त्यांनी कापसाची वात पिळून बारीक टोक केलं आणि बाजूने हळूच डोळ्याला लावलं. डाव्या डोळ्याची पापणी जरा उशिरा मिटली. उजव्याची मिटलीच नाही. कापूस बुबुळावर टेकलाय हे मला कळलंच नव्हतं.

दरवर्षी मी न चुकता पडदा तपासून घेते. मधुमेह डोळ्याच्या मागच्या पडद्याला खातो हे मला माहीत होतं. पुढच्या काचेलाही तो सोडत नाही, हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. कॉर्निया म्हणजे बुबुळावरची पारदर्शक काच, सुमारे अर्धा मिलिमीटर जाड. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात, पण बारीक नसा मात्र शरीरात जवळजवळ कुठेच नसतील इतक्या दाट असतात. म्हणून तर डोळ्यात कुसळ गेलं की माणूस तडफडतो. वर्षानुवर्षं वाढलेल्या साखरेने पायाच्या नसा मरतात तशाच याही झिजतात. पायाला मुंग्या येतात, बधिरता येते, ते आपण ओळखतो. डोळा बधिर होतो ते कळत नाही. वर, या नसा नुसती वेदना सांगत नाहीत, काचेच्या वरच्या थराला पोसतातही. त्या गेल्या की अश्रू कमी होतात, जखम भरत नाही, आणि भरली तरी नवा थर खाली नीट चिकटत नाही, पुन्हा सुटतो. अश्रू मोजायला पापणीत अडकवलेली कागदाची पट्टी माझ्या डोळ्यात पाच मिनिटांत 4 मिलिमीटरच भिजली. निरोगी डोळ्यात 10 हून जास्त भिजते.

झावळीबरोबर बुरशी आत जाऊ शकते, म्हणून जखमेचा कण खरवडून तपासला. बुरशी सापडली नाही. पण असती आणि मी ते थेंब घातले असते तर स्टिरॉईडने ती फोफावली असती, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तुझी आठवण येऊन मला रडू आलं.

अशी ओरखड्याएवढी जखम चांगल्या डोळ्यात दोन-तीन दिवसांत भरते. मला पाच आठवडे लागले. अँटिबायोटिक, प्रिझर्वेटिव्ह नसलेले अश्रूंचे थेंब, काही दिवस बँडेजसारखी मऊ लेन्स. एचबीए1सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी तपासणी, 9.4 निघाली, त्याची लाज वाटली, आता गोळ्या आणि चालणं मनापासून चालू आहे. कुळागरात चष्म्याशिवाय पाय ठेवत नाही. रोज सकाळी एकेक डोळा झाकून भिंतीवरच्या कालनिर्णयचे आकडे वाचते. दुखण्याची वाट बघायची नाही, हे आता पक्कं ठरवलंय. उजव्या डोळ्यावर अंधुकसा वण राहिलाय, पण हे पत्र दोन्ही डोळ्यांनी लिहिलं.

अंगणात भिरंडांची, म्हणजे कोकमांची, सोलं वाळत घातली आहेत. पाऊस लागायच्या आत घेऊन येते. आणि ती रिकामी बाटली अजून तुझ्या काउंटरवर असेल तर टाकून दे.

तुझी,
कुळागरातली मावशी