पोतं आणि सांडलेले दाणे : आमच्या डॉक्टर मॅडमना पत्र

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

मी देवगडच्या बाजारातला किराणावाला. आभार मानायला ओपीडीत आलो होतो, पण बाहेरची रांग बघून मागे फिरलो. म्हणून हे उघड पत्र.

मार्चमध्ये विम्यासाठी रक्त तपासलं. लिव्हरच्या तपासणीतलं एसजीपीटी ८४ आणि एसजीओटी ५१, म्हणजे दोन्ही वाढलेली; चांगलं कोलेस्ट्रॉल म्हणजे एचडीएल ३७, रक्तातली चरबी म्हणजे ट्रायग्लिसराइड २१०. संध्याकाळपर्यंत घरच्यांनी मला कावीळ जाहीर केली. आत्ये म्हणाली, "डोळे पिवळे दिसतत रे तुझे," आणि कावीळ उतरवणाऱ्याकडे जायचं ठरलंसुद्धा.

तुम्ही आधी बिलिरुबिनच्या, म्हणजे काविळीत वाढणाऱ्या पिवळ्या रंगाच्या, आकड्यावर बोट ठेवलंत. ०.८. म्हणजे कावीळ नाही. मग रिपोर्टचं पाकीट उलटं करून त्यावर तांदळाचं पोतं काढलंत, आणि खाली एक भोक. म्हणालात, "उंदराने पोतं कुरतडलं की दाणे जमिनीवर दिसतात ना? एसजीपीटी म्हणजे ते दाणे. लिव्हरच्या पेशींना इजा झाली की रक्तात सांडतात. भोक आहे एवढं त्यावरून कळतं. पोत्यात माल किती शिल्लक आहे, ते नाही." शिल्लक मोजायला अल्ब्युमिन आणि रक्त गोठायचा वेळ बघतात, माझे दोन्ही ठीक होते. पंचवीस वर्षं पोती उचलतोय, पण हे माझ्या डोक्यात कुणी असं घातलं नव्हतं.

मग बायकोला वजनाच्या काट्यावरची चिठ्ठी आणायला बाहेर पाठवलंत आणि विचारलंत, "किती घेता?" मी म्हटलं, कधीमधी. तुम्ही काही न बोलता पेन धरून बसलात. शेवटी खरं सांगितलं: शनिवारी दोन-तीन, शिमग्यात मोजत नाही. पुढचा प्रश्न होता, "काढा वगैरे?" लॉकडाऊनपासून रोज उपाशीपोटी गुळवेल पीत होतो आणि त्याचा मला अभिमान होता! गुळवेलीने लिव्हरला इजा झालेले रुग्ण तेव्हा मुंबईतल्या डॉक्टरांनीही नोंदवलेत, हे तुमच्याकडून कळलं. आदल्या दिवशी आंब्याच्या पेट्या चढवल्या होत्या का, हेही विचारलंत, कारण एसजीओटी स्नायूंतूनही येतं.

बी आणि सी काविळीच्या तपासण्या निगेटिव्ह आल्या, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालं. एचडीएल वाढवायची गोळी मागितली तर हसलात. गोळीने आकडा चढतो, पण हार्ट अटॅक त्याने टळल्याचं दिसलेलं नाही, म्हणालात. पोटावरची चरबी, वाढलेलं ट्रायग्लिसराइड आणि उतरलेलं एचडीएल, तिन्ही एकाच चुलीवरची. मासे सोडू का? "बांगडा खा, रवा लावून तळू नका." तिखलं चालतं म्हटल्यावर माझा जीव भांड्यात पडला. गल्ल्यावर बसून दिवसाला सात गोड चहा होत होते, ते मात्र गेले.

काढा बंद, दारू बंद, रोज पहाटे किल्ल्यापर्यंत चालणं. ८१ किलोचा ७५ झालो. सप्टेंबरमध्ये एसजीपीटी ४३, एचडीएल ३९. पुरुषाला एचडीएल निदान चाळीस हवं, तेवढं अजून नाही, पण तुम्ही सांगितलंच होतंत की ते सावकाश चढतं.

पाकीट गल्ल्यात जपून ठेवलंय. परवा एक रिक्षावाला आपला रिपोर्ट घेऊन घाबराघुबरा आला, त्याला तेच पोतं दाखवलं. सोमवारी तो तुमच्याकडे येईल. नुसतं साखरपाणी घेतो म्हणेल. त्याच्या रिक्षात सीटखाली हिरव्या काढ्याची बाटली असते, तेवढं विचारा.

आपला,
बाजारातला किराणावाला