फॉलआउट एकट्या टॉम क्रूझचा नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत हेरपटांवरचा लेख वाचला. लेख छान आहे, पण 'मिशन इम्पॉसिबल: फॉलआउट'च्या वाट्याला चारच ओळी आल्या आणि त्या चारही ओळी टॉम क्रूझच्या उड्यांमध्ये खर्च झाल्या, बाकीचे कलाकार 'साथीला आहेत' म्हणून निकालात काढले. हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. २०१८ साली आला तेव्हापासून हा पिक्चर माझा फेव्हरेट आहे, आणि माझं ठाम मत आहे की तो जितका क्रूझचा आहे तितकाच बाकीच्या टीमचाही आहे.

क्रूझचं श्रेय कमी करायचं नाहीये बिलकुल. लंडनच्या शूटिंगमध्ये एका बिल्डिंगवरून दुसऱ्या बिल्डिंगवर उडी मारताना त्याचा घोटा मोडला, शूटिंग कित्येक आठवडे बंद पडलं, आणि तो मोडलेल्या पायाचा शॉट तसाच पिक्चरमध्ये आहे, भिंतीवर पाय आदळतो, तो वर चढतो आणि लंगडत कॅमेऱ्यासमोरून निघून जातो. विमानातून उडी मारायच्या सीनसाठी शंभरावर उड्या मारल्यात त्याने, अबुधाबीत, कारण संध्याकाळचा हवा तसा उजेड रोज काही मिनिटंच मिळायचा. पण त्या सीनमध्ये त्याच्यासोबत डोक्यावर कॅमेरा लावून क्रेग ओब्रायन नावाचा कॅमेरामन पण तेवढ्याच वेळा उडी मारत होता, त्याचं नाव कुणी घेतं का? हेल्मेटच्या आतमध्ये लाइट लावले होते, का तर चेहरा दिसला पाहिजे. मला सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं. दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वॉरीला स्टंट कितीही मोठा असला तरी माणसाचा चेहरा सोडायचा नव्हता, आणि चेहरा दाखवायचा म्हटलं की मग अ‍ॅक्टर चांगलेच लागतात.

पॅरिसच्या बाथरूममधली मारामारी घ्या. त्यात क्रूझ आणि हेन्री कॅव्हिल असे दोघं आहेत आणि समोर एकटा लियांग यांग, आणि तो एकटा या दोघांना धू धू धुतो. पार्श्वसंगीत जवळपास नाहीच, नुसते बुटांचे, फुटणाऱ्या आरशांचे, धापांचे आवाज. कॅव्हिल कोट काढतो आणि हात असे झटकतो की बंदूक लोड करतोय असं वाटतं, तो एक सेकंद जगभर फेमस झाला. पण क्रूझचा चेहरा बघा त्या सीनमध्ये, हिरो असून तो दमलाय, घाबरलाय, आणि आपण हरतोय हे त्याला कळलंय. शेवटी गोळी झाडते ती इल्सा, म्हणजे रेबेका फर्ग्युसन, आणि ती पण थेट तोंडावर, त्यामुळे सोंग घेण्यासाठी ज्या चेहऱ्याचा मास्क करायचा होता तो चेहराच उरत नाही आणि पुढचा सगळा प्लॅन बोंबलतो. एका फाइटमधून अख्खी गोष्ट वळते. आपल्याकडे बऱ्याच पिक्चरमध्ये फाइट संपली की गोष्ट होती तिथूनच पुढे चालू होते, फाइट काढून टाकली तरी काही फरक पडत नाही.

कॅव्हिलबद्दल लोक फक्त मिशीचं बोलतात, की त्या मिशीपायी दुसऱ्या स्टुडिओला त्याच्या सुपरमॅनची मिशी कॉम्प्युटरवर पुसावी लागली. अहो पण काम बघा ना त्याचं. धिप्पाड माणूस, सीआयएचा, सुरुवातीपासून एथनकडे, म्हणजे क्रूझच्या पात्राकडे, तुच्छतेने बघणारा, आणि आपल्याला कळत असतं की याच्यात काहीतरी गडबड आहे तरी तो पडद्यावर हवाहवासा वाटतो. व्हिलन असा पाहिजे. त्याच्या उलट सॉलोमन लेन झालेला शॉन हॅरिस, त्याचा आवाज चढतच नाही, घोगऱ्या आवाजात पुटपुटल्यासारखं बोलतो आणि तरी अंगावर काटा येतो.

आणि रेबेका फर्ग्युसन! तुमच्या लेखात तिचं नावसुद्धा नाही याचं मला खरंच वाईट वाटलं. याच्या आधीच्या, २०१५च्या भागात ती आली तेव्हाच कळलं होतं की ही 'हिरोची हिरोईन' नाहीये. फॉलआउटमध्ये तिला स्वतःचं काम आहे, तिला लेनला मारायचंय म्हणजे तिच्या सरकारच्या तावडीतून ती सुटेल, आणि एथनला लेन जिवंत पाहिजे. म्हणजे ज्याच्यावर जीव आहे त्याच्याच आडवं जायचं. पॅरिसमध्ये ती मोटरसायकलवरून लेनच्या मागे लागते आणि एथन लेनला वाचवायला धडपडतो तेव्हा दोघांपैकी कुणाची बाजू घ्यावी तेच कळत नाही. हे शूटिंग चालू असताना ती गरोदर होती, तरी शेवटच्या त्या घरातली लेनबरोबरची झटापट बघा, हात खुर्चीला बांधलेले, बाजूला सायमन पेगचा बेंजी फासाला लटकलेला, बॉम्बचं घड्याळ चालू. पुढे २०२३च्या भागात व्हेनिसमध्ये तिला मारून टाकलं, ते मला आजही पटलेलं नाही. इतकी ताकदीची भूमिका अशी घाईत संपवायला नको होती.

व्हिंग रेम्सवर तर वेगळा लेख व्हायला पाहिजे. १९९६च्या पहिल्या पिक्चरपासून क्रूझसोबत सगळ्या भागांत असलेला हा एकच दुसरा नट. फॉलआउटची सुरुवातच त्याच्यामुळे होते, बर्लिनमध्ये एथनला ल्यूथरचा, म्हणजे रेम्सच्या पात्राचा, जीव किंवा प्लुटोनियम यातलं एकच वाचवता येणार असतं, तो मित्राला वाचवतो आणि पुढची सगळी धावपळ त्यातून सुरू होते. मग मध्ये एका शांत सीनमध्ये ल्यूथर इल्साला एथनच्या बायकोबद्दल सांगतो, त्याचे डोळे भरून येतात. एवढ्या दांडग्या माणसाच्या डोळ्यात पाणी आलं की आपल्याही पोटात तुटतं. आणि ती फ्रेंच पोलीसबाई, पाचेक मिनिटंही नाही ती पडद्यावर. गुंड तिला गोळी घालतात, एथन त्या गुंडांना संपवतो आणि तिच्याजवळ वाकून तिच्याच भाषेत माफी मागतो. स्वतःचं मिशन धोक्यात घालून. ती मुलगी नुसत्या डोळ्यांनी बोलली आहे त्या सीनमध्ये.

एक तक्रार मात्र आहे आणि ती मी फॅन असूनच करतो. शेवटचा भाग काश्मीरमध्ये, सियाचीनजवळ घडतो, पण हेलिकॉप्टरचा पाठलाग न्यूझीलंडमध्ये शूट झालाय आणि कड्यावरची मारामारी नॉर्वेच्या ६०४ मीटर उंच प्रेइकेस्टोलेनवर. शूटिंग कुठेही करा, पण ज्या लोकांच्या पाण्यावर आणि जिवावर हा सगळा बॉम्बचा खेळ चाललाय त्यातला एकही माणूस धड चार वाक्यं बोलत नाही, गावकरी नुसते मागे फिरतात. आपला अनिल कपूर २०११च्या भागात होता तेव्हाही तेच झालं, आला आणि गेला.

आपल्या हेरपटांना यातून काय घेता येईल तर स्टंटचं बजेट नाही, ते त्यांच्याकडे आहेच. गिरीश कर्नाडांसारखा माणूस टायगरच्या पिक्चरमध्ये रॉचा प्रमुख होता. 'उंबरठा'मध्ये स्मिता पाटीलसमोर ज्यांनी तो नवरा उभा केला ते कर्नाड. त्यांच्या वाट्याला बहुतेक ऑफिसात बसून माहिती द्यायची आणि फोनवर काळजी करायची एवढंच आलं. आशुतोष राणांचंही 'वॉर' आणि 'पठाण'मध्ये तेच, मिशन समजावून सांगायचं आणि हिरोवर चिडायचं. या माणसांना ल्यूथरसारखा एक सीन लिहून द्या, मग बघा थिएटर कसं गप्प होतं ते. शाहरुख किंवा सलमान हेलिकॉप्टरला लटकला तर शिट्ट्या वाजतीलच, पण तो पडेल की काय ही भीती वाटायला त्याच्यावर जीव लावणारं कुणीतरी पडद्यावर लागतं.

म्हणून विनंती आहे, हेरपटांवरचा पुढचा लेख येईल तेव्हा फर्ग्युसन, रेम्स, हॅरिस, पेग यांच्यावर निदान एक परिच्छेद द्या, आणि हिंदी पिक्चरच्या परीक्षणातही हिरोच्या खालच्या कलाकारांची नावं त्यांच्या कामासकट छापा.

कळावे,
आपला नियमित वाचक,
सांगली