ध्वनिमुद्रणाची पट्टी गळ्याने ठरवावी

माननीय संपादक,

तयार ट्रॅकवर गाऊन घरच्या घरी ध्वनिमुद्रण करणाऱ्या हौशी गायकांची संख्या वाढते आहे, याचा मला गायनशिक्षक म्हणून आनंदच आहे. मात्र त्यांतील अनेकजण मूळ गायकाची पट्टी, म्हणजे त्याने धरलेला ‘सा’, जशीच्या तशी स्वीकारतात आणि आपला गळा तिथवर ओढत नेतात, ही गोष्ट चिंता वाटावी इतकी सर्रास झाली आहे.

मध्य षड्जाला, म्हणजे मधल्या ‘सा’ला, स्वरतंतू सेकंदाला २४० वेळा कंप पावत असतील, तर तार षड्जाला, म्हणजे वरच्या सप्तकातल्या ‘सा’ला, ते ४८० वेळा एकमेकांवर आदळतात. गळ्याच्या मर्यादेत हा स्वर स्वरतंतूंना ताण देणाऱ्या स्नायूंच्या बळावर सहज लागतो. ती मर्यादा ओलांडली की गायक नकळत श्वास जोराने लोटतो, गळा आवळतो, हनुवटी वर उचलतो आणि प्रत्येक आघात अधिक तीव्र होतो. मैफलीत अशी जागा येते आणि निघून जाते. ध्वनिमुद्रणात मात्र मनासारखी होईपर्यंत तीच ओळ पुन्हा पुन्हा घेतली जाते, आणि बहुधा ती अंतऱ्यातली (कडव्यातली) सर्वांत उंच ओळच असते. त्यात हेडफोनमधले संगीत मोठे असेल, तर स्वतःचा आवाज नीट ऐकू न आल्याने जोर आणखी वाढतो. एक कान मोकळा ठेवला तरी यात पुष्कळ फरक पडतो.

ताणलेल्या स्वरात आर्तता येते, असे काही संगीतकार मानतात. मला हे पटत नाही. मायक्रोफोन तोंडापासून वीतभर अंतरावर असतो, त्याला हळुवार स्वरही पूर्ण ऐकू येतो आणि आवळलेला गळाही. सॉफ्टवेअरने बेसूर स्वर सुरात आणता येतो, पण त्यातला ताण काढता येत नाही.

पेटीच्या काळी तीनमधले गाणे पांढरी तीनमध्ये आणले, म्हणजे दोनच अर्धस्वर (पेटीवरच्या लगतच्या दोन सुरांमधले अंतर म्हणजे एक अर्धस्वर) उतरवले, तरी अनेकदा गळा मोकळा होतो. तेवढा बदल तयार ट्रॅक सहसा सोसतो. चार-पाच अर्धस्वरांचा फरक असेल, तर वाद्यांचा आवाज कृत्रिम होऊ लागतो आणि ट्रॅक नव्याने करणेच बरे. पट्टी फार उतरवली तर मुखड्यातले (धृवपदातले) मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातले, स्वर हरवतात, हेही पाहावे लागते. रियाजाने आवाजाचा पल्ला वाढतो, पण तो महिनोन्‌महिने सावकाश. ध्वनिमुद्रणाचा दिवस त्यासाठी नाही. वरचे स्वर हळू आवाजात लागेनासे झाले, तर त्या दिवशी काम थांबवावे, आणि आवाज दोन-तीन आठवडे बसलेलाच राहिला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरयंत्र तपासून घ्यावे.

संगीतकारांना माझी विनंती आहे, की ट्रॅक बांधण्यापूर्वी गायकाला एकदा बोलवावे आणि अंतऱ्याची सर्वांत वरची व मुखड्याची सर्वांत खालची ओळ तीन-चार पट्ट्यांत गाऊन घ्यावी. जिथे दोन्ही ओळी बोलल्याइतक्या सहज येतील, ती पट्टी वादकांना सांगावी.

आपला विश्वासू,
एक गायनशिक्षक