ॲप्सची यादी तासांवरून नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतली सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या ॲप्सची यादी वाचली. संदेश, व्हिडिओ, नकाशे, खरेदी... यादी चुकीची नाही, हे सगळं आपण दिवसभर वापरतोच. पण तिलाच ‘सर्वांची आवडती ॲप्स’ असं म्हटलं आहे, तिथे माझी हरकत आहे. न संपणारं स्क्रोल 2006 मध्ये एझा रास्किन यांनी रचलं. बोट फिरवत राहा, पुढचा मजकूर आपोआप येत राहतो. पुढे त्यांनीच याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. एक व्हिडिओ संपताच दुसरा सुरू होणं, हाही त्यातलाच प्रकार. अशा ॲपवर गेलेल्या वेळात आपल्या आवडीचा वाटा किती आणि या रचनेचा किती, हे तासांच्या आकड्यावरून कसं कळणार? चांगलं साधन पाच मिनिटांत काम उरकून देतं, आणि नेमकं म्हणूनच ते अशा यादीत येत नाही.

मी शाळेत विज्ञान शिकवते. माझं सगळ्यात आवडतं ॲप फायफॉक्स. जर्मनीतल्या आखेनच्या आरडब्ल्यूटीएच विद्यापीठातल्या भौतिकशास्त्रज्ञांनी ते 2016 मध्ये आणलं. ते मोफत आहे आणि ओपन सोर्सही, म्हणजे त्याचा कोड कुणालाही पाहता येतो. आपल्या फोनमध्ये बरेच सेन्सर असतात. फोन आडवा केला की स्क्रीन फिरते, होकायंत्र दिशा दाखवतं, ते त्यांच्याच जोरावर. काही फोनमध्ये हवेचा दाब मोजणारा सेन्सरही असतो. फायफॉक्स या सेन्सरची मोजमापं थेट आलेखात दाखवतं. वर जाऊ तसा हवेचा दाब कमी होतो, म्हणून दाबाचा सेन्सर असलेला फोन घेऊन लिफ्टमध्ये उभं राहिलं, तर लिफ्ट किती उंच गेली आणि किती वेगाने, तेही कळतं.

वर्गात सगळ्यात रंगतो तो आवाजाचा वेग मोजण्याचा प्रयोग. दोन फोन पाच मीटर अंतरावर ठेवायचे आणि दोन्हींवर फायफॉक्समधलं आवाजाने सुरू-बंद होणारं स्टॉपवॉच लावायचं. पहिल्या फोनपाशी उभ्या असलेल्या मुलीने टाळी वाजवली की दोन्ही घड्याळं सुरू होतात. दुसऱ्या फोनपाशी असलेल्या मुलाने वाजवली की दोन्ही थांबतात. आवाजाला मधलं अंतर कापायला वेळ लागतो, त्यामुळे पहिलं घड्याळ जरा आधी सुरू होतं आणि जरा उशिरा थांबतं. दोन्हींतला फरक येतो साधारण 0.029 सेकंद. दोन्ही बाजूंचं मिळून अंतर 10 मीटर, त्याला या फरकाने भागलं की सेकंदाला 340 ते 345 मीटर! पंखे बंद ठेवावे लागतात, कारण एखादा बाक सरकला तरी घड्याळ सुरू होतं, त्यामुळे एरवी कधी गप्प न बसणारा वर्ग श्वास रोखून उभा असतो. पुस्तकातला आकडा स्वतःच्या टाळीतून निघाला की मुलं थांबायलाच तयार नसतात. अंतर दुप्पट केलं तर? बाहेर वाऱ्यात केलं तर? हे प्रश्न त्यांचेच असतात.

असंच दुसरं एक ॲप म्हणजे बी माय आइज. स्वतः दृष्टिदोष असलेल्या डेन्मार्कच्या हान्स योर्गन वीबर्ग यांच्या कल्पनेतून ते 2015 मध्ये सुरू झालं. अंध व्यक्ती व्हिडिओ कॉल लावते आणि जगात कुठेतरी बसलेला स्वयंसेवक औषधाच्या बाटलीवरची तारीख वाचून दाखवतो. काम झालं की कॉल बंद. वापराच्या तासांत याची नोंद ती काय होणार!

माझी विनंती आहे की, आठवड्याला अशा एका ॲपवर सविस्तर लिहावं. ते इंटरनेटशिवाय चालतं का, कोणत्या परवानग्या मागतं आणि त्या नाकारल्या तर काय अडतं, स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या सुविधेसह अंध व्यक्तीला वापरता येतं का, हे त्यात अवश्य असावं. किती लोकांनी डाउनलोड केलं, हे नसलं तरी चालेल. पहिला लेख फायफॉक्सवर असेल तर वरचा प्रयोग त्यात जरूर द्या. दोन फोन, एक मोजपट्टी आणि शांत खोली, एवढ्यावर तो घरीही होतो.

आपली,
एक विज्ञान शिक्षिका